तिघांचे मासे

"बाबा, पातेलं कलंडतंय. आमटी सांडेल," सून म्हणाली.

पातेल्याखाली मी कापलेले सागवानी मासे होते, तीनच. एका फळीतून बारीक करवतीच्या मशीनवर चार कापले होते, घरातल्या प्रत्येकाचा एक. एकमेकांत अडकवले की गरम भांड्याखाली ठेवायची गोल बैठक व्हायची. शाकाहारी घरात मासे कशाला, असं मी विचारल्यावर बायको म्हणाली होती, "टेबलावर एवढे तरी असू देत." तिचा मासा मुलाने तिच्या चितेवर ठेवला.

तेव्हापासून मी तोच पुन्हा पुन्हा कापत होतो. तेच चित्र, तसंच लाकूड. पण दुसऱ्या फळीतला मासा त्या जागेत बसत नाही. कुठे सैल, कुठे घट्ट.

"सगळंच नवीन करा ना, बाबा. तिघांचं," मुलगा हळूच म्हणाला.

केलं. आज सुनेने नव्या तीन माशांवर आमटीचं भरलेलं पातेलं ठेवलं.

"बघा, जरासुद्धा हलत नाही!"

मी पातेल्याला बोट लावून बघितलं. खरंच हलत नव्हतं. चौथा कधी नव्हताच, असे ते तिघे घट्ट बसले होते.