माळावरची मोजणी

पहिला फटाका फुटला तेव्हा स्वप्नाचे एकतीस भोवते मोजून झाले होते.

दुसरा फुटला आणि गवतात उतरू लागलेले सगळेच पक्षी उठले. लांब पंखांची ती शिकारी पाखरं माळावर एक गिरकी घेऊन समुद्राच्या बाजूला निघून गेली. गोपाल कागदावर पेन्सिल टेकवून तसाच बसला.

"किती लिहू, ताई?"

"एकतीस. दिसले तेवढेच."

बाभळीमागून दगा आला. कंपनीचा रखवालदार. हातात काठी, बोटांना बारूद लागलेली.

"झालं ना मोजून?" तो म्हणाला. "मग जा आता घरी."

१९९७चा मार्च होता. हिवाळ्यात आलेले भोवते उत्तरेला परत निघण्याआधी सुरतेबाहेरच्या या माळावर संध्याकाळी मुक्कामाला जमत. स्वप्ना लिंबायतच्या मराठी शाळेत शिकवायची, गोपाल उधन्याला लूमवर होता. दोघंही भाईदासकाकांच्या निसर्ग मंडळात. या वर्षीची मोजणी नेहमीसारखी नव्हती. माळ एका कंपनीने घेतला होता आणि तिथे खासगी विमानांसाठी धावपट्टी करायची होती. परवानगीच्या कागदांना पक्ष्यांची मोजणी जोडावी लागणार होती, म्हणून कंपनीने मंडळालाच पत्र पाठवलं होतं.

"आकडा मोठा निघाला तर माळाला कुणी हात लावू शकणार नाही," भाईदासकाका म्हणाले होते. "एकही पक्षी सुटता कामा नये, पोरी."

म्हणूनच फटाक्यांचा अर्थ स्वप्नाला लगेच कळला. माणूस कंपनीचा, पगार कंपनीचा.

दुसऱ्या खेपेला दगाने काही फोडलं नाही. ती पाणी प्यायला वळली तेवढ्यात तिची वही उचलून त्याने खाजणात फेकली. गोपाल त्याच्या अंगावर धावून गेला. दगाने काठी उगारली नाही. नुसता स्वप्नाकडे बघत राहिला. ती नजर तिला परतीच्या रिक्षातही पाठीवर जाणवत होती.

तिसऱ्या दिवशी तो घरी आला.

दार मीराबाईंनी उघडलं. "स्वप्ना, कोणी गाववाला आलाय बघ," त्यांनी आतल्या लेकीला हाक मारली आणि त्या पाणी आणायला गेल्या. स्वप्ना बाहेर आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"घर कसं सापडलं तुम्हाला?"

"शाळेपासून मागं मागं आलो."

तिने आवाज चढवला नाही. "काय काम आहे?"

"आकडा पन्नासच्या आत लिख, बहीन." दगाने गल्लीत मागे वळून पाहिलं. त्याचा आवाज आणखी खाली गेला. "मन्हं आयकी ले. साहेब लोक बोलत होते..."

"तुमच्या साहेबांना सांगा, मी कुणाला भीत नाही."

तिने दार लावलं. आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. खिडकीच्या फटीतून दिसत होतं. दगा समोरच्या भिंतीला टेकून बराच वेळ उभा होता. एकदा तो दारापर्यंत आला, कडीला हात घातला आणि न वाजवताच गेला.

"पोरी, नोकरी तुझी मुलांना शिकवायची," मीराबाई म्हणाल्या. "पाखरांपायी जीव घालवतेस का?"

त्या रात्री स्वप्नाला झोप लागली नाही, पण सकाळी तिचं ठरलं होतं.

मंडळाने शेवटची मोजणी रविवारी म्हणून कंपनीला कळवली होती. ती आणि गोपाल शुक्रवारीच गेले. माळाकडे न जाता शेजारच्या गावाच्या पाण्याच्या टाकीवर चढले आणि कठड्याआड पालथे झोपले. खाली दगा बाभळीजवळ विडी ओढत बसला होता. त्याला काही पत्ता नव्हता.

सूर्य खाली आला तसे भोवते यायला लागले. आधी दोन, मग सात, मग एकामागून एक, गवताला पोट घासत. स्वप्ना पुटपुटत होती, गोपाल रेघा ओढत होता. अंधारून आलं तेव्हा त्याने बेरीज केली आणि कागद तिच्यासमोर धरला.

दोनशे शहाऐंशी.

"वाचला, ताई," गोपाल म्हणाला. "माळ वाचला."

तिला रडू आलं. चार वर्षांत एवढे कधी दिसले नव्हते. कागदावर तिने सही केली, गोपालने केली, आणि शनिवारी सकाळी भाईदासकाकांनी तो स्वतः कंपनीत नेऊन दिला.

पुढच्या आठवड्यात शाळा सुटल्यावर ती एकटीच माळावर गेली. निघण्याआधी भोवते एकदा डोळे भरून बघायचे होते. ऊन कलतं झालं होतं. बाभळीखाली दगा नव्हता. त्याच्या जागी जीप उभी होती आणि दहा-बारा माणसं माळाच्या कडेने अंतर ठेवून उभी होती. प्रत्येकाच्या पायाशी रॉकेलचा डबा होता. पहिले भोवते गवतात उतरत होते.

जीपमधून मॅनेजर उतरला. त्याने तिला ओळखलं आणि हात जोडले.

"या, स्वप्नाबेन! तुमचे आभार मानायचेच राहिले. तुमचा रखवालदार... म्हणजे आमचाच तो, दगा, फार त्रास देत होता ना तुम्हाला? काढला त्याला. बेन, पन्नासच्या आत पक्षी निघाले असते तर गवत आहे तसं ठेवायची अट होती. पण एवढ्या पक्ष्यांत विमान उतरवायचं कसं? तुमचा कागद बघितला आणि साहेबांनी पक्षी हटवायच्या हुकमावर दोन दिवसांत सही केली," तो म्हणाला, आणि माणसांकडे वळून त्याने हात वर केला. "थांबा रे, अजून सगळे बसले नाहीत."