पट्टीवरचं पाणी

या मायबाप, जवळ सरका. गोष्ट ओंजळीएवढीच आहे, पण सांडू देऊ नका.

नदीकाठच्या सरकारी खोलीत पाणीखात्याचा साहेब खुर्चीवर बसला होता. समोर मोजणीदाराची बायको उभी होती. मोजणीदार जाऊन एकोणीस दिवस झाले होते. माणूस भला होता, देवाने त्याला पायाशी घ्यावं. पायऱ्यांशी रोवलेल्या पट्टीवर पाणी कुठवर आलं ते दिवसातून तीनदा पाहायचं आणि वहीत लिहायचं, एवढी त्याची नोकरी. खोली नोकरीबरोबरची. त्याची जागा बायकोला मिळाली तर ती इथे राहणार, नाहीतर महिनाअखेरीला भांडीकुंडी उचलणार.

साहेबाने असे अर्ज पुष्कळ पाहिले होते. त्याने पेनाचं टोपण काढलं.

"वहिनी, अनुभव काय लिहू? जनगणनेत तुमच्या नावापुढे 'काम : काही नाही' असं आहे."

"गणतीवाला आला तेव्हा मी घरात नव्हते, साहेब."

"कुठे होतात?"

"खाली, पट्टीपाशी. दुपारचं पाणी बघायला. ह्यांनीच खाटेवरून सांगून टाकलं, ही घरीच असते, काही करत नाही म्हणून." ती थकल्यासारखी हसली. "मी धापा टाकत वर आले, तर म्हणतात कसे, बघ, तुला सरकारने सुट्टी दिली."

साहेबाने वही पुढे ओढली. आज सकाळची नोंद होती. कालची होती. परवाचीही होती. नाव मेलेल्या माणसाचं आणि अक्षर गोल, ठसठशीत. तो मागे मागे जात राहिला. सात वर्षं तेच अक्षर. त्याआधीचं मात्र निराळं, तिरपं, मधूनच एखादी दुपार गाळणारं.

"सात वर्षांपूर्वी काय झालं?"

"ह्यांचं उजवं अंग गेलं. कळवलं असतं तर नोकरी गेली असती. मग मीच उतरत गेले."

साहेबाने चष्मा काढून डोळे चोळले. खालच्या गावात पुराचा भोंगा कोणत्या पातळीला वाजवायचा, ते याच सात वर्षांच्या आकड्यांवरून ठरलं होतं. आकडे चोख म्हणून खात्याने स्वतःची पाठही थोपटून घेतली होती.

"खरं लिहिलं तर जागा तुम्हाला मिळेल," तो हळू बोलला. "पण मग हे आकडे बिनहक्काच्या हातचे ठरतात. नियमाने सगळे बाद. भोंग्याची पातळी नव्याने ठरेपर्यंत दोन-तीन पावसाळे जातील. आणि नाही लिहिलं, तर तुमच्यापाशी अनुभव काहीच नाही."

ती खिडकीतून पाण्याकडे बघत राहिली. सकाळपेक्षा ते वीतभर चढलं होतं. मग ती खाटेच्या कडेवर टेकली. भर दिवसा अशी टेकायची तिला सवय नव्हती.

"एकही आकडा खोटा नाही, साहेब. अंगात ताप असतानासुद्धा उतरलेय. ते खोडू नका. खाली लेकुरवाळी माणसं राहतात."

"मग अनुभव?"

"लिहा की. घरीच असते."

साहेबाने तसंच लिहिलं. वहीतल्या एकोणीस दिवसांखाली त्याने सही केली, ती मान वर न करताच.

वर्ष सरलं आणि सरकारचं जाडजूड पुस्तक निघालं. त्यात नदीच्या पानावर मोजणीदार मेल्यानंतरही एकोणीस दिवस इमानेइतबारे पाणी मोजतो आहे. पुढे बायकांचं पान आहे. त्या वस्तीत काम करणाऱ्या बायका : नऊ.

मायबाप, भोंगा वाजला आणि लेकरं उचलून टेकडी चढलात, तर वर पोचल्यावर त्या दहावीला एकदा आठवा.