काकासाहेबांचं आजारपण

"मामा, रिकाम्या हातानं जाऊ नका," म्हणत सुलेखानं सासऱ्याच्या हातात लाडवांचा डबा ठेवला. "आजारी माणसाला बरं वाटतं."

कडुबानं डबा पिशवीत टाकला. करमाडचे काकासाहेब त्याचे जुने दोस्त. ते या घटकेला शेतात उभे राहून नांगरट करून घेत असतील, ठणठणीत. पण थाप मारायचीच तर माणूस ओळखीचा असावा, म्हणून कडुबानं त्यांना अंथरुणाला खिळवून ठेवलं होतं.

मुकुंदवाडीच्या चौकात करमाडची गाडी उभी होती. तिच्यात न चढता तो सरळ सरकारी दवाखान्याकडं वळला. ही दुसरी खेप. पँटखाली पोटरीवर दातांचे व्रण होते.

दात भज्याचे. भज्या म्हणजे त्याच्या नातीनं, निशानं, रस्त्यावरून उचलून आणलेलं पिल्लू. आजी गेल्यापासून पोरगी मुकी झाल्यासारखी होती. ती आजीच्याच कुशीत झोपायची. भज्या आला आणि ती पुन्हा हसायला लागली. त्या हसण्यासाठी कडुबानं दुसरी पोटरीही पुढं केली असती. सुलेखानं मात्र बजावून ठेवलं होतं, घरात कुणाला एक दात जरी लागला तर पिल्लू बाहेर. त्याला लस टोचून आणा, असंही ती सारखी म्हणायची. कडुबा हो हो करायचा. एवढ्याशा जिवाला कशाला टोचायचं, असं त्याला वाटे.

स्वतःच्या बाबतीत मात्र त्यानं हयगय केली नाही. चावलं त्याच दिवशी तो दवाखान्यात गेला होता. डॉक्टरीणबाईंनी जखम धुऊन घेतली, जखमेत टोचलं, दंडात टोचलं, पुढच्या तारखा सांगितल्या. घरात आणखी कुणाला चावलंय का, हेही विचारलं.

"नाय बाई. ते माझ्याच मागं मागं असतंय," कडुबा म्हणाला होता, जरा तोऱ्यातच.

आजचं इंजेक्शन झाल्यावर त्यानं दवाखान्याबाहेर सावलीला बसून डबा उघडला. सून साधी, तिला फसवतोय, हे मनाला लागत होतं. लाडू काही गोड लागेनात. तरी त्यानं संपवले.

त्याच आठवड्यात भज्याचं बिनसलं. तो खाईना, पाण्याच्या टाकीमागं अंधारात जाऊन बसायला लागला, तोंडातून लाळ गळू लागली. एका सकाळी तो तिथंच मरून पडलेला दिसला. उकिरड्यावरचं काहीबाही खाल्लं असेल, असं सम्यक, कडुबाचा मुलगा, म्हणाला आणि ते सगळ्यांना पटलं. कडुबा मात्र मनातून चरकला. दवाखान्यात त्यानं हे सांगितलं नाही. उगीच चार प्रश्न विचारतात. पण इंजेक्शन एकही चुकवलं नाही. काकासाहेब तेवढे दिवस आजारीच राहिले.

निशा पुन्हा गप्प झाली.

शेवटचं इंजेक्शन घेऊन कडुबा घरी आला तेव्हा त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. काकासाहेब हिंडूफिरू लागल्याचं त्यानं सुनेला सांगून टाकलं. तिला मनापासून आनंद झाला. निशा शाळेतून येऊन बाहेरच्या पायरीवर एकटीच बसली होती. तो शेजारी टेकला, तशी ती म्हणाली, भज्यावर माझ्याशिवाय कुणाचाच जीव नव्हता.

म्हाताऱ्याला राहवलं नाही. त्यानं पँट वर करून व्रण दाखवले आणि सगळं सांगितलं, लाडवांसकट.

"तुझा भज्या घरात राहावा म्हणून तुझा आबा इतकं खोटं बोलला, बघ."

निशानं व्रणांवरून बोट फिरवलं. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. आई आत आहे ना, हे तिनं बघून घेतलं. मग शाळेचा मोजा खाली सरकवून ती आबाच्या कानाशी आली.

"आबा, तुम्ही एवढ्या सुया घेतल्या? मी तर नुसती हळद लावली."