माचावरचा उंट

बुद्धिबळात काळ्या सोंगट्या आल्या की रविना पटाचा मध्य समोरच्याला खुशाल घेऊ द्यायची आणि उंट कोपऱ्यात बसवून वाट बघायची. असं का खेळते, ते तिनं आश्रमशाळेतल्या सरांनाच तेवढं सांगितलं होतं. “बाबा शेतातली नागली राखायला उंच माचावर बसतो ना, तसं. डुक्कर शेतात मधोमध येईस्तोवर हलायचं नाय.” सर पोट धरून हसले होते. जव्हारच्या स्पर्धेत अंतिम फेरीला समोर सरांची पुतणी आली. तिनं मधली घरं घेतलीच नाहीत. आधी कोपऱ्यातला उंट मारला, मग उघड्या राजाला मात दिली. हात मिळवताना ती हळूच म्हणाली, “डुक्कर शेतात आलंच नाही, बघ.” परतताना जीपमध्ये सरांनी विचारलं, “कुठं चुकलो गं आपण?”  रविना मुठीतला काळा उंट त्यांना देत म्हणाली, “तुम्हाला माच दाखवला, तिथं.”