वळलेली रेघ

हजारो जंतूंची जनुकं वाचून रंजिताचा प्रोग्राम तयार झाला होता. नवा जंतू काय खाईल, किती ऊन सोसेल, जागचा हलेल की नाही, हे तो आधीच सांगायचा. दारव्ह्याजवळ तिच्या आईच्या कपाशीच्या वावरात सापडलेल्या जंतूबद्दल त्याने सांगितलं, हा चालतो.

सूक्ष्मदर्शकाखाली मात्र जंतू ढिम्म होता.

"चुकला वाटते तुहा प्रोग्राम," प्रयोगशाळेतली सोबतीण अर्पिता म्हणाली.

दुपारी रंजिताने जंतू वाढवायची काचेची बशी पाहिली आणि तिचा चेहरा खुलला. सकाळी सरळ ओढलेली जंतूंची रेघ तिच्या खुर्चीकडे वळली होती.

"खिडकीच्या उजेडाकडं जात असन," अर्पिता म्हणाली.

रंजिता टेबलाच्या दुसऱ्या, अंधाऱ्या बाजूला जाऊन बसली. बघता बघता रेघ मागे फिरली आणि तिच्याकडे आली.

तिला आनंद आवरेना. तिने लगेच आईला फोन लावला. "याडी, आपल्या वावरातल्या जंतूनं कमाल केली."

"तू जरा व्हरांड्यात जाऊन उभी राय," अर्पिता म्हणाली.

फोनवर बोलत, हसतच ती बाहेर गेली. थोड्या वेळाने आतून अर्पिताचा अगदी हळू आवाज आला.

"रंजिता, आता तिथून हलू नको. त्यानं बशीची कड ओलांडली."