उलटा जिना

मॅरेथॉनच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या मांड्या अशा भरून आल्या की जिना उतरताना जीव जायची वेळ आली. शेवटी कठडा धरून, पायऱ्यांकडे तोंड करून तो उलटा उतरू लागला. बायकोनं हसत हसत व्हिडिओ काढला. समोरचे काका दारात येऊन म्हणाले, "मानलं बुवा तुम्हाला."

गुडघेदुखीमुळे हल्ली घरातच बसून असलेली आई उंबऱ्यात उभी होती. तिला तो म्हणाला, "बघ, असं उतरलं की दुखत नाही."



"ठाऊक आहे. मी तशीच उतरायचे. 'लोक हसतात, नाटकं बंद कर' म्हणून तू खेकसलास, तेव्हापासून खाली गेलेच नाही."