परक्यांची गाडी

"परक्यांची गाडी माझ्या दारात उभी राहणार नाही," श्रीपतराव लांडगे म्हणाले आणि मुलीने पुढे केलेला नव्या गाडीचा पेढा न घेताच आत गेले. एका देशी मोटार कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं गाड्यांची दारं बसवली होती. वसुधा चाकणला एका परदेशी कंपनीत रंगकामावर होती आणि ही गाडी तिच्याच कारखान्यातली होती. "बाबा, हीपण इथल्याच माणसांनी बनवलीय," ती दारातून म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही. पुढची दोन वर्षं वसुधा गाडी गल्लीच्या तोंडाशी लावून माहेरी चालत येत राहिली.

मग जुन्या कामगारांना त्या देशी कारखान्यातून समारंभाचं बोलावणं आलं. श्रीपतराव इस्त्रीचा सदरा घालून बसने गेले. घ्यायची तर देशाचीच गाडी, अशी शपथ ज्यांनी एकेकाळी कामगारांकडून घेतली होती, तेच मालक व्यासपीठावर होते. कारखाना परदेशी कंपनीला विकल्याचं त्यांनी हसतमुखाने सांगितलं. "आता सगळं जग एकच बाजार झालंय. भावनेत अडकून चालत नाही," ते म्हणाले. पुढच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या.

श्रीपतरावांनी फाटकाबाहेर येऊन वसुधाला फोन केला. ती पोचली तेव्हा ते फुटपाथवर बसले होते.

"देश देश म्हणून राबवलं आम्हाला," ते म्हणाले. "आणि मी परकं केलं ते तुला."

ते मुकाट्याने तिच्या गाडीत बसले. दोन वर्षं तिने याचीच वाट पाहिली होती. पण बाबांनी असं हरून बसावं, हे तिला नको होतं.